‘मग पुढं काय झालं?’ विचारायची नोकरी

आमच्या कर्जतच्या बाजारात एक भाजीवाली आहे. मी काय शिकवते हे तिला मी चार वेळा समजावून सांगितलंय. तरी परवा मला म्हणाली, “बाई, तुमी चायनीज शिकवता ना? मग माझ्या सुनेला ते मंचुरियन शिकवा की. लय कडक होतं तिचं.” मी म्हटलं, “जपानी शिकवते गं मी, भाषा!” तर म्हणाली, “तेच ते.” मी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि निघाले. आता या वयात कुणाकुणाशी भांडू?

पण प्रश्न तिचा एकटीचा नाही. कर्जतसारख्या गावात एक त्रेसष्ट वर्षांची बाई दर रविवारी सकाळी घराच्या पुढच्या खोलीत नऊ-दहा वर्षांच्या पोरांना जपानीतून गोष्टी सांगायला शिकवते, हे ऐकून शिकलेली माणसंसुद्धा आधी हसतात आणि मग विचारतात, “उपयोग काय?” म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं. उपयोग काय ते शेवटी तुम्हीच ठरवा.

मी मूळची दुभाषी. साजगावच्या बाजूला एका कारखान्यात पंचवीस वर्षं होते. जपानी साहेब आणि आपली माणसं यांच्या मधे उभं राहायचं आणि इकडचं तिकडे करायचं, एवढंच काम. लोकांना वाटतं, दुभाष्याला शब्द यावे लागतात. शब्द डिक्शनरीतही असतात हो. दुभाष्याची खरी कसोटी लागते ती घडलेली गोष्ट एका माणसाकडून काढून दुसऱ्यापर्यंत नेताना.

एकदा एक मशीन बंद पडलं. साहेबांनी फिटरला विचारलं, काय झालं? फिटर म्हणाला, “काय नाय, अचानक बंद पडलं.” संपली गोष्ट! साहेब म्हणाले, त्याच्या आधी काय झालं? “काय नाय.” त्याच्या आधी? “चहा घेतला.” त्याच्या आधी? असं करत करत पाऊण तास गेला. दोघांच्या मधे उभी राहून माझे पाय दुखायला लागले, आणि मला दोघांचाही राग आला. शेवटी कळलं, की या फिटरभाऊंनीच जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून पॅनेलच्या जाळीवर ठेवला होता. हवा जायची वाटच बंद. मशीन तापलं आणि थांबलं. फिटर काही खोटं बोलत नव्हता. डबा हा गोष्टीचा भाग आहे, हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं, की घडलेलं नीट सांगता येणं ही वेगळीच विद्या आहे. भाषा आली म्हणून ती येत नाही.

निवृत्त झाल्यावर घरात बसून मी आमच्या ह्यांच्या प्रत्येक कामात चुका काढायला लागले. तेव्हा ह्यांनीच जीव वाचवायला म्हणून सुचवलं, “तू क्लास काढ.” काढला. मोठी माणसं मी घेतली नाहीत. त्यांना सर्टिफिकेट हवं असतं, तेही पुढच्या महिन्यात. पोरं घेतली. चार कर्जतची, दोन नेरळची, एक खोपोलीचा रेहान.

पोरं परक्या भाषेत गोष्ट कशी सांगायला शिकतात, ते जवळून बघण्यासारखं असतं. मी चार चित्रं काढून ठेवलीत. मुलगा आणि कुत्रा खेळतायत, चेंडू विहिरीत पडतो, दोघं वाकून बघतात, कुत्रा बादली ओढून आणतो. माझी चित्रकला अशी, की कुत्र्याला निम्मी पोरं बकरी म्हणतात. असो. सुरुवातीला पोर नुसती नावं घेतं. मुलगा. कुत्रा. चेंडू. विहीर. वाण्याची यादी वाचावी तसं. मग काही महिन्यांनी त्याला एक शब्द सापडतो, ‘सोरेकारा’. म्हणजे ‘मग त्यानंतर’. झालं! मग सगळं सोरेकारा. मुलगा आला, सोरेकारा कुत्रा आला, सोरेकारा चेंडू पडला. हा शब्द म्हणजे त्यांचा सुतळीचा तोडा, दिसेल ते बांधत सुटतात. ऐकून ऐकून कान किटतात, पण मी थांबवत नाही. कारण त्याच्या पुढची पायरी त्यातूनच येते, ‘दाकारा’, म्हणजे ‘म्हणून’. आणि ‘देमो’, म्हणजे ‘पण’. पोरानं पहिल्यांदा ‘म्हणून’ म्हटलं की समजावं, त्याला आता गोष्ट आतून दिसायला लागली. आणि सगळ्यात शेवटी, आलं तर येतं, ते त्या मुलाला काय वाटलं, हे. चेंडू पडल्यावर त्याच्या पोटात काय झालं. तिथपर्यंत फार थोडी पोरं पोचतात. मोठी माणसंही कुठं पोचतात म्हणा.

रेहानचं गाडं मात्र भलतीकडेच जायचं. त्याच्या वडिलांची खोपोलीत बेकरी आहे. त्याच्या कुठल्याही गोष्टीत शेवटी सगळे जेवायला बसतात. चेंडू विहिरीतून निघाला, सोरेकारा मुलानं, कुत्र्यानं आणि विहिरीतल्या बेडकानं खारी खाल्ली. खारीला जपानी शब्द काय, म्हणून मला त्यानं दोन आठवडे सतावलं.

मग आली ओवी.

ओवी लोधिवलीची. तिचे बाबा, प्रमोद, साजगावलाच कामाला. पहिल्या दिवशी चौक गावावरून मोटरसायकलवर घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. “बाई, हिला जपानी शिकायचंय. मी नाय म्हणलं नाय, हीच मागं लागलीय.” मी विचारलं, “का गं, जपानी कशाला?” ही आपली पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरतेय. शेवटी बाबाच म्हणाले, “हिची आई तिकडंच असते. म्हाताऱ्या माणसांच्या घरात, त्यांची सेवा करायला. तीन वर्षं होत आली.” तेव्हा कुठं ओवीनं मान वर केली आणि म्हणाली, “आई तिथल्या आजींशी बोलते ते मला कळत नाय. गोड बोलते एकदम. काय बोलते ते मला पायजे.”

नऊ वर्षांची पोर! मी फीचं-बिचं काही बोललेच नाही. म्हटलं, बस.

शब्द पाठ करण्यात ओवी सगळ्यांच्या पुढे. एकदा सांगितलेला शब्द पुन्हा विचारायची नाही. पण गोष्ट म्हटली, की तोंडाला कुलूप. चित्रं समोर ठेवली की चारही चित्रांतल्या वस्तूंची नावं बिनचूक सांगायची आणि थांबायची. “मग?” गप्प. “अगं, चेंडू पडला, मग?” गप्प. बाकीची पोरं सोरेकारा सोरेकारा करत गावभर हिंडून यायची आणि ही, जिच्याकडे सगळ्यात जास्त शब्द, ती जागची हलायची नाही. माझा स्वभाव काही फार गरीब नाही. एका रविवारी मी फाडकन बोलले, “अगं, मूग गिळलेस का सगळे?” ती वहीच्या कोपऱ्याची घडी घालत बसली. आजही ती घडी आठवली की मला माझी लाज वाटते.

आणि मग मी त्याहून मोठी चूक केली.

पावसाळा संपता संपता एका रविवारी ओवी आपणहून उठली. हातात चित्रं नाहीत. म्हणाली, “माझी गोष्ट.” आणि जपानीत सुरू झाली. एक मुलगी. आईची चप्पल. नवीन. मुलीनं एक चप्पल लपवली. आईनं शोधली. आई गेली. एवढंच. आणि खाली बसली.

मी काय करायला हवं होतं? पोर चार महिन्यांनी बोलली होती. पण आपण मराठी शाळेत वाढलेली माणसं. गोष्ट संपली की आपल्याला तात्पर्य लागतं! गोष्ट ऐकल्यावर लहानपणी बाईंनी मला विचारलं, मी पोरांना विचारत आले. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, “छान. पण गोष्टीला शेवट नाही गं नीट. आणि तात्पर्य काय? पुढच्या वेळी तात्पर्य घेऊन ये.”

घेऊन आली. पुढच्या रविवारी उभी राहिली, गोष्ट तीच सांगितली, आणि शेवटी मराठीत म्हणाली, “तात्पर्य, चप्पल लपवून काय उपयोग नाय.”

पोरं खो खो हसली. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मीही हसले. ओवी बसली. त्यानंतर पुढचे पाच-सहा रविवार तिनं शब्द सांगितले, अक्षरं काढली, पण गोष्टीला म्हणून हात लावला नाही.

दिवाळीनंतर एकदा प्रमोद तिला घ्यायला लवकर आले. पोरं अंगणात होती. मी चहा टाकला. कपाकडे बघत ते म्हणाले, “बाई, एक विचारू? ही हितं बोलते का?” मी म्हटलं, “शब्द बोलते.” ते म्हणाले, “आईशी तेवढंबी नाय. रविवारी फोन लावतो. ‘जेवलीस?’ हं. ‘शाळेत गेलीस?’ हं. ‘बरी हाय?’ बरी हाय. संपला फोन. आता तिकडचे लोक म्हणतात, अजून दोन वर्षं राहा. वैशालीनं, हिच्या आईनं, अजून कळवलं नाय. पुढच्या महिन्याच्या अखेरीला कळवायचंय. परवा मला म्हणाली, पोरगी आपली बोलतबी नाय, तिला माझी सवयच उरली नाय. मग मी येऊन तरी काय करू? राहते दोन वर्षं, घराच्या वरच्या मजल्याचं काम होऊन जाईल.”

“आणि ओवीला हे माहीत आहे?”

“नाय. तिला काय सांगायचं? लहान हाय.”

आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी विचारलं, “प्रमोद, वैशाली निघाली त्या दिवशी चपलेचं काही झालं होतं का?” ते हसले. “तुमाला कुनी सांगितलं? नवी चप्पल घेतली होती तिनं विमानासाठी. सकाळी बघतो तर एकच. सगळं घर पालथं घातलं. कुत्र्यानं नेली म्हणलं. शेवटी बिचारी रबरी स्लिपर घालून गेली विमानात. त्या गडबडीत ओवी कुठं खेळायला गेली होती कुनास ठाऊक. हाका मारल्या, नाय आली. वैशालीला ते अजून लागतं. जाताना पोरगी दाराशीबी आली नाय म्हणते.”

मी ओट्यावर सांडलेला चहा पुसत राहिले. सहा वर्षांच्या पोरीला वाटलं असेल, एका चपलेनं काय आई जाणार नाही. आणि मी तिला तात्पर्य विचारलं होतं! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, ॲसिडिटी आहे.

प्रमोदना सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. पण गोष्ट तिची होती. दुभाष्यानं दुसऱ्याच्या मनातलं त्यानं न बोलताच सांगायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. पंचवीस वर्षं पाळला. आता तर मोडायचा नव्हता.

मग ही बोलणार कशी? ते मला रेहाननं शिकवलं, त्याच्या नकळत. एकदा मी स्वयंपाकघरातून बघत होते. दोघं पायरीवर बसली होती आणि ओवी त्याला सांगत होती, गावात गाय कशी खड्ड्यात अडकली ते. मराठीत, पण काय सांगत होती! हातवारे करून, आवाज काढून. रेहान खारी खात मधे मधे म्हणत होता, “हं… हं… आयला… हं.” त्याचा ‘हं’ जरा उशिरा आला की ती थांबायची. आला, की पुढे. त्याला विचारलं तर म्हणाला, “दादीजान गोष्ट सांगते ना, तेव्हा हं म्हणावंच लागतं. नाय म्हटलं तर ती म्हणते झोपलास वाटतं, आणि बंद करते.”

हुंकार! घराघरात गोष्ट अशीच तर सांगतात. आणि माझ्या वर्गात नियम काय? एकानं सांगताना बाकीच्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट. पोर बोलतंय आणि समोर सोळा डोळे मुके. मी लाल पेन घेऊन बसलेली. अशात कोण सांगेल आपल्या आईची गोष्ट?

आणि गंमत बघा, जपानी माणूस तर हुंकाराशिवाय एक वाक्य बोलू शकत नाही. समोरचा सारखा ‘उन, उन’ नाहीतर ‘हाइ, हाइ’ म्हणत राहिला पाहिजे. आमच्या कारखान्यात एका मॅनेजरला साहेब तासभर ‘हाइ, हाइ’ म्हणाले. हा आनंदानं बाहेर आला, “सगळं मान्य झालं!” मान्य काही नव्हतं. साहेब फक्त ऐकत होते. हे सगळ्यांना हसत हसत सांगणारी मी, आणि माझ्याच वर्गात मी ते विसरले.

पुढच्या रविवारी नियम बदलला. हाताची घडी बंद. सांगणाऱ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘उन’ म्हणायचं. तात्पर्य कायमचं बंद. मी फक्त एकच विचारणार, मग पुढं काय झालं? पोरांना ऊतच आला. नुसता उन-उनचा गजर. ह्यांनी आतून विचारलं, आज आरती आहे का? पण गोष्टी लांबायला लागल्या. आणि तिसऱ्या रविवारी ओवी रेहानकडे तोंड करून बसली आणि तिनं हळू आवाजात तीच गोष्ट पुन्हा काढली. या वेळी चप्पल कुठे लपवली तेही सांगितलं. माळ्यावर, फुटक्या हंड्यात. मी “मग पुढं?” एवढंच म्हटलं. ती थांबली, आणि मला म्हणाली, “बाई, ही मी हानाआजीला सांगू?”

हानासान म्हणजे वैशाली जिची काळजी घेते ती म्हातारी. नव्वदीला आलेली. फोनमध्ये डोकवायची, ओवीला हात हलवायची. वैशालीनं एकदा तिला सांगितलं होतं, की आमच्या ओवीला जपानी येतं, तेव्हापासून म्हातारी विचारत होती, पोरगी मला गोष्ट कधी सांगणार?

“आईला नाही सांगायची?” मी विचारलं.

“आईला सांगितली की रडू येतं. जपानीत नाय येत.”

हे मात्र खरं आहे. परक्या भाषेत शब्दांना घरचा वास नसतो, म्हणून ते गळ्याशी अडकत नाहीत. कारखान्यात मी किती माणसांच्या दुःखाच्या बातम्या जपानीत सांगितल्या, आवाज हलला नाही. त्याच बातम्या घरी आल्यावर मराठीत ह्यांना सांगताना मला रडू फुटायचं.

ठरलं. महिनाअखेरीला चार दिवस होते. रविवारी सकाळी अकराला माझ्या पुढच्या खोलीत मी मोबाइल डिक्शनरीला टेकवून ठेवला. तिकडे दुपारचे अडीच, हानासानचा चहा झालेला. प्रमोद दारात उभे. रेहान ओवीला खेटून बसलेला, हुंकारासाठी. चित्र आलं. पांढरे केस, बारीक डोळे, खांद्यावर शाल. फोन वैशालीनं धरलेला, त्यामुळे ती दिसत नव्हती, कडेला तिची दोन बोटं तेवढी दिसत होती.

ओवी म्हणाली, “मुकाशी मुकाशी.” म्हणजे फार फार वर्षांपूर्वी. आमची हानासान लगेच म्हणाली, “उन.”

“एक मुलगी होती.” उन. “तिची आई लांब जाणार होती.” उन, उन. “आईनं नवी चप्पल घेतली. चप्पल नसली तर माणूस बाहेर जात नाही. म्हणून मुलीनं एक चप्पल लपवली.”

म्हणून! ‘दाकारा’! रेहानसुद्धा खारीबिरी विसरून ऐकत होता. प्रमोदना जपानी कळत नव्हतं, ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. कुजबुजले, “काय म्हणतेय बाई?” आयुष्यभर मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्या दिवशी म्हटलं, “थांबा.”

“आई हाका मारत होती. मुलगी माळ्यावर होती. तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ती खाली गेली तर आई निघेल, असं तिला वाटलं. म्हणून ती खाली आली नाही.” हानासान आता उन म्हणताना मान हलवत होती. कडेला आता दोनाची चार बोटं दिसत होती. “पण आई गेली. मुलीला गाडीचा आवाज आला. मुलगी चप्पल धरून बसली. तिच्या पोटात दुखलं. खूप दुखलं.”

हे शेवटचं मी कधी ऐकलं नव्हतं. हे तिनं माझ्यासाठी ठेवलेलंच नव्हतं.

ओवी थांबली. हानासान हळूच म्हणाली, “सोरेकारा?”

ओवीच्या ओठावर एक शब्द आला आणि गेला. मला तो माहीत होता, माझी जीभ वळवळत होती, पण मी ओठ दाबून धरले. शेवटी तिनं साधंच म्हटलं, “अजून संपली नाही. पुढचं मुलीला माहीत नाही.”

हानासाननं विचारलं, “त्या मुलीचं नाव काय?”

“ओवी.”

चित्र एकदम हललं. छत दिसलं, मग फरशी, मग वैशालीचा चेहरा, अगदी जवळ. ती मराठीत ओरडलीच, “ओवे! चप्पल तू लपवलीस?”

“हं.”

“अगं, मी त्या कुत्र्याला तीन वर्षं शिव्या घालतेय गं! मला वाटलं तू रुसलीस. मला वाटलं तुला माझी आठवणबी येत नाय.”

“येते ना.”

“मग बोलली का नायस कधी?”

“तू म्हणालेलीस, फोनवर रडायचं नाय. मग काय बोलू?”

आता दोघी रडत होत्या, आणि मागे हानासान काही न कळता उन, उन म्हणत वैशालीच्या पाठीवरून हात फिरवत होती. प्रमोद पुढे होऊन पोरीजवळ खाली बसले. मी रेहानला दंडाला धरून आत नेलं. तो म्हणाला, “सेन्सेईबाई, चांगली सांगितली ना?” मी त्याला पोळी आणि गूळ दिला.

तासाभरानं प्रमोद आत आले. डोळे लाल. म्हणाले, “तुमाला म्हाईत होतं.” मी म्हटलं, “होतं.” “आनि सांगितलं नाय.” मी म्हटलं, “माझी नव्हती ती.” त्यांनी मान हलवली. रागावले की काय कळेना. मग वाकून नमस्कार करायला लागले तशी मी ओरडले, “उठा, वेड लागलं का तुम्हाला!”

चार दिवसांनी त्यांचा फोन. “तिनं नाय म्हणून कळवलं बाई. येतेय. घराचं वरचं काम राहील तसंच. राहू दे.” होळीच्या आधी वैशाली आली. मला भेटायला आली तेव्हा हानासाननं पाठवलेली एक छोटी रेशमी पिशवी घेऊन आली. म्हातारीला सोडून येताना तिचा पाय निघत नव्हता म्हणाली. एका घरी आनंद झाला की कुठेतरी दुसऱ्या घरी खोली रिकामी होते. ते दुःख मला आजही आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे.

ओवी त्यानंतर दोनच रविवार आली. मी तिच्यासाठी पुढची दोन पुस्तकं मागवली होती. ही पोर कुठल्या कुठे जाईल असं मी ह्यांना रोज सांगत होते. तिसऱ्या रविवारी क्लास सुटल्यावर ती चपला घालायच्या आधी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “बाई, मी आता येनार नाय.”

“का गं?”

“आता आई घरी हाय ना.”

किती बोलायचं होतं मला! अजून एक वर्ष कर, तुझ्यासारखी सांगणारी मला मिळायची नाही, परीक्षा दे, उद्या तिकडे कॉलेजला जाशील. बाकीच्या आयांना मी हे तासभर ऐकवते. जीभ टाळ्याला लागून परत आली. राग आला, खोटं कशाला बोलू, चांगला दोन दिवस टिकला तो राग. पण त्या क्षणी मी “बरं” म्हटलं आणि तिला सोडायला दारापर्यंत गेले. खाली वैशाली स्कूटी चालू करून उभी होती. ओवी मागे बसली, आईच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली, आणि गाडी वळायच्या आधीच तिच्या पाठीला तोंड लावून काहीतरी सांगायला लागली. मला हात करायचंही तिला सुचलं नाही.